स्थिर पाण्यातला वेग

माझं नाव सगुण तारी.
नावात गुण आहेत. गुणपत्रिकेत सत्तावीस,
हवे होते तेहतीस.

पणजा वल्हं मारायचा. मी रॅम्पची साखळी सोडतो,
रायबंदर ते चोडण, चोडण ते रायबंदर,
बढतीच्या कागदावर एक रकाना रिकामा ठेवून: दहावी.
मुक्त विद्यालयाचे चार विषय सुटले,
गणित तेवढं धक्क्याला लागत नाही.

पुस्तक असतं लाईफ जॅकेटांच्या मागे.
पान एकशे अकरा डिझेल पिऊन पारदर्शक झालंय,
एकशे बाराची उत्तरं त्यातून आधीच दिसतात,
उलटी.
इंजिनातून कायतान डोकं वर काढतो:
"पन्नाशीक पावलो, आनी आतां क्ष सोदता?"
तो स्वतः नववीत दोनदा बसला आणि दोनदा उठला.
पण नटाकडे नुसतं बघून पाना मागतो,
नऊ-सोळांश,
आणि तो बसतो. अपूर्णांक असेही येतात माणसाला.

गुरुवारी सहा-वीसच्या फेरीला मिनेझिस टीचर.
निवृत्त झाल्यात, बहिणीकडे जातात,
पिशवीत पाव आणि एक खडू.
नदी आठ मिनिटांची आहे,
त्यातली दोन माझी साखळीत जातात.
उरलेल्या सहांत त्या डेकच्या पत्र्यावर
काटकोन त्रिकोण काढतात,
पाया, उंची, आणि
गाड्या उतरताना कर्णावरून एक स्कूटर जाते.
"असू दे," टीचर म्हणतात,
"दोन बाजू उरल्या की तिसरी काढता येते."

मग आलं ते गणित.
एक नाव. स्थिर पाण्यात तासाला दहा किलोमीटर.
चोवीस किलोमीटर प्रवाहाबरोबर, चोवीस उलट,
मिळून पाच तास.
तर प्रवाहाचा वेग किती?

मी विचारलं, कोणती नाव? इंजिन कुठलं?
चतुर्थी की अमावस्या?
टीचर म्हणाल्या, मांड.
चार दिवस मांडलं. तिकिटांच्या मागे,
रात्री आमटीच्या पातेल्याशेजारी,
एकदा तळहातावर, साखळीच्या गंजात बोट बुडवून.
शंभर वजा क्ष वर्ग.
शेवटच्या फेरीला, एक कुत्रा आणि एक दूधवाला असताना,
क्ष वर्ग बरोबर चार.
कुत्र्याला सांगितलं. तो उतरून गेला.

गुरुवारी दाखवलं: अधिक दोन, वजा दोन.
"वजा दोन खोड," टीचर म्हणाल्या.
"वेग ऋण नसतो."
तेवढ्यात कठड्याखालून एक चप्पल वाहत गेली
जुन्या गोव्याकडे, समुद्राकडे पाठ करून.
भरती लागली होती.
"टीचर, दिवसातून दोनदा असतो."
त्या पाहत राहिल्या, चप्पल दिसेनाशी होईपर्यंत.
चाळीस वर्षं शिकवत होत्या, याच नदीच्या काठावर.
मग म्हणाल्या, "परीक्षेत लिहू नकोस हां.
पेपर तपासणारा भलत्याच गावचा असेल."

स्थिर पाणी मात्र मला ठाऊक आहे.
पुस्तकाने ते बनवलेलं नाही.
भरती संपते आणि ओहोटी अजून ठरत नाही,
मधे थोडा वेळ मांडवी कुणाचीच नसते.
तेव्हा मास्टर सुकाणावरचा एक हात काढून
विडी शोधतो,
फेरी सरळ जाते, पट्टीने आखल्यासारखी.
तेवढ्यात मी एक उदाहरण सोडवतो. कधी अर्धं.

परवा म्हापशाला पेपर. रजा मंजूर आहे,
कंपासपेटी भाचीची, तिच्यावर ससा.
सकाळच्या पाळीला तिकिटाच्या मागे पुन्हा एकदा लिहिलं
आणि वजा दोनवर पेन्सिल फिरवली.
हलकेच. आकडा अजून वाचता येतो.
समोर चोडणचा धक्का, सोळा स्कूटर चालू,
एक टेम्पो, बर्फ गळतोय.
साखळी.