खोक्यावर बारा हजार

दोंडाईच्यात मिरचीचा हंगाम असला
की दुकानात येणारा आधी शिंकतो, मग बोलतो.
भटू पथारीवरचा हमाल. होम थिएटर काउंटरवर ठेवून
दोनदा शिंकला आणि म्हणाला,
"हाई बोलत नही, मिस्तरी."

अगदीच मुकं नव्हतं.
लेकीचा पहिला वाढदिवस, गल्लीत मांडव,
खोक्यावर बारा हजार वॅट,
आकड्यामागे लाल-पिवळी वीज कडाडलेली,
आणि गाणं मांडवाच्या दुसऱ्या खांबापाशीच
दम लागून बसलं.
साडू हसला म्हणे.
साडूचं हसणं माझ्याकडे दुरुस्त होत नाही,
बाकी बघतो, म्हटलं.

मागची पाटी फडक्यानं पुसली.
तांबड्या पुडीखाली मुंगीएवढं अक्षर:
दोनशे तीस व्होल्ट, पस्तीस वॅट.
खरं बोलणारं तोंड
भिंतीकडे करून ठेवलेलं.

त्याला हिशेब सांगितला.
बारा हजार म्हणजे सोळा हॉर्सपॉवर,
तापीकाठच्या तीन मोटारी एकदम चालू.
या पिनेनं एवढं खरंच ओढलं असतं
तर केक कापायच्या आधी
तुमच्या आळीचा डीपी बसला असता.
"मंग बारा हजार कथाईन वनात?"

कुठून म्हणजे,
एका सेकंदाचा हजारावा तुकडा घ्यायचा,
त्यात स्पीकर मरता मरता किती ओरडेल
ते कागदावर धरायचं,
स्पीकर पाच, म्हणून पाचानं गुणायचं
(पाचातले दोन नुसते प्लास्टिकचे घुमट,
आत वायरसुद्धा नाही),
मग मालकाच्या मनाला येईल त्यानं.

हे मला ठाऊक,
कारण लग्नाआधी दोन हंगाम धुळ्याला
मी हेच स्टिकर चिकटवलेत,
एका खोक्याला चाळीस पैसे.
तीन रोल होते, डबा एकच.
दिवाळी जवळ आली की शेठ मोठा रोल काढायचा.
एकदा विचारलं, हे मोजलं कुणी?
शेठ म्हणाला, मोजतो कोण?
भटूला यातलं काही बोललो नाही.
स्क्रू काढत राहिलो.

मोठ्या डब्याची पाठ उघडली.
मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर, ताटलीएवढा स्पीकर,
आणि तळाशी, गोंदानं बसवलेली,
सिमेंटची लादी.

तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला.
"मी उचली दखं व्हतं," म्हणाला, बऱ्याच वेळानं.
"दुकानमा तीन व्हतात. दोन हलका लागनात.
हाई जड व्हतं, म्हनीसन लिधं."

रोज दीडशे पोती पाठीवर घेणारा माणूस.
मुकादम काट्यावर चाळीस म्हणाला
तरी हा वाटेतच सांगतो, अडतीस.
छापलेल्या आकड्यावर
त्याचा भरवसा नव्हताच कधी.
हातावर होता.
लादी त्या हातासाठीच टाकलेली.

लादी तळव्यावर घेऊन तो तोलत राहिला.
"पावणेदोन किलो."
मग समोरच्या किराण्यात गेला,
काट्यावर टाकून परत आला,
एक किलो सातशे चाळीस.
चेहऱ्यावर जरा रंग आला होता.

"हाई काढी टाक. बाकी जोडी दे."
जोडलं. लावलं. आवाज तोच,
पस्तीसाचा, माझ्या दुकानाला भरपूर.
पुढचा स्टिकर नखानं खरवडायला गेलो
तर त्यानं मनगट धरलं,
"ऱ्हाऊ दे भो. घरमा तिले आवडस तो."
मी त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत.
त्याला कारण कळलं नाही,
आणि तो दुसऱ्यांदा विचारणारा नव्हता.

लादी इथंच आहे, पावत्यांवर ठेवतो,
पंखा लावला की लागते.
तिच्यावर मार्करनं लिहून ठेवलंय
एक किलो सातशे चाळीस.
त्याचे चाळीस पैसे
कुणी दिले नाहीत.