लोटलीच्या घराची मोजणी

फितीचं एक टोक माझ्याकडे,
दुसरं पियेदादच्या अंगठ्याखाली.
दर्शनी भिंत: एकतीस मीटर, वर चार बोटं.
चार बोटं लिहू का, मी विचारते.
लिही, ती म्हणते, चिरा फुकट नाही आलेला.

रस्त्याकडे चौदा खिडक्या.
काचेऐवजी शिंपले, नखाएवढे पातळ तासलेले,
सागाच्या पट्ट्यांत ओवलेले.
ऊन आत येतं ते गाळूनच,
पेजेच्या निवळीसारखं.
मागच्या अंगाला खिडक्या तीन. त्यांना गज.

सालात नाचायची जमीन, झुंबरं,
मकावहून आलेल्या बश्या.
खुर्च्यांच्या पाठींवर कुळाची अक्षरं कोरलेली,
टेकणाऱ्याच्या पाठीवर उमटत असणार ती.
वेताची बैठक मात्र
सगळ्यांच्याच वजनानं सारखी खोलगट.

एवारिस्तबाब लिस्बनहून फोनवर विचारतात,
किती भरलं?
मी सांगते.
लहानपणी जास्त होतं, ते म्हणतात.

बाहेरून मोजलं, आतून मोजलं,
भिंतींची जाडी वजा केली.
दीड मीटर सापडत नाही.
पुन्हा मोजलं. घामानं फीत ओली झाली.
पियेदाद माझी गंमत पाहते थोडा वेळ,
मग देवघरामागचं कपाट सरकवते.

अरुंद बोळ.
गिलावा नाही, उघडा लाल चिरा, मातीचे सांधे,
आणि खांद्याच्या उंचीवर एक कोनाडा, काजळी धरलेला.
ह्या भिंतीला रस्ता माहीत नाही.
ही आतल्या अंगणाकडे बघायची,
अंगण होतं तेव्हा.
पुढे कुणीतरी घराला खांद्याला धरून फिरवलं,
बलकांव दिला, बसायला समोरासमोर दोन बाक,
आणि म्हटलं, आता लोकांकडे बघ.

माझी आई ह्या बोळातून उष्टी भांडी न्यायची,
पियेदाद सांगते, नाचाच्या रात्री.
पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून.
व्हायोलिन ऐकू यायचं तिला,
पाय कधी दिसले नाहीत.
उजेडाला कोनाड्यात दिवा ठेवायची.
कोनाडा कुणाचा, तिनं विचारलं नव्हतं.

नकाशात प्रत्येक जागेला नाव द्यावं लागतं.
जिना. कोठार. न्हाणी. शयनगृह.
पेन्सिल थांबते.
पियेदादनं टोक अजून दाबून धरलंय:
लिही, दीड मीटर.
आणि पुढची ती चार बोटं,
लिहिलीस ना?