सव्विसावा अर्ज

सव्विसाव्या अर्जाला उत्तर आलं तेव्हा
मी बर्नच्या तळघरात, चार अंश थंडीत,
एका तळ्याचा गाळ कापत होते.
हातमोजे काढले. फोन पुसला. पुन्हा वाचलं.
आधीच्या पंचविसांपैकी अकरांनी खेद कळवला होता,
उरलेल्यांना खेदसुद्धा झाला नव्हता.

योएन्सू. फेब्रुवारी. उणे एकोणीस.
बारा वर्षांपूर्वी जो देश सोडला
त्याच देशात पाहुणी म्हणून,
भाडं विद्यापीठाचं,
पावत्या जपून ठेवायच्या.

न्याहारीला हॉटेलात आणखी एकच माणूस.
लापशीच्या वाटीशेजारी उघडा लॅपटॉप,
पडद्यावर माझ्याच शोधनिबंधातली आकृती तीन.
"आर्नफिन," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.
"मी दुपारी. तुम्ही?"
"सकाळी."
मग दोघं लापशी ढवळत राहिलो,
जणू ती एकुलती जागा तळाशी बसली होती.
उठताना त्यानं खिशातून एक अडॅप्टर काढला.
"इथला प्रोजेक्टर जुना आहे म्हणे. असू द्या."
प्रतिस्पर्ध्यानं असं वागू नये.
रात्रभर घोकलेला राग वाया जातो.

आधी अध्यापनाचं प्रात्यक्षिक: वीस मिनिटं, सहा विद्यार्थी,
त्यातली एक मोजा विणत होती.
मी सांगितलं, तळ्यात दर वर्षी दोन थर बसतात.
बर्फ वितळताना ओढ्यांनी आणलेला फिकट,
आणि बर्फाच्या झाकणाखाली, कुणी हलवत नसताना,
सावकाश खाली आलेला काळा.
दोन मिळून एक वर्ष. मोजत जायचं.
सुया न थांबवता तिनं विचारलं,
"आणि एखादं वर्ष सापडलंच नाही तर?"
तर शेजारच्या तळ्यात शोधायचं.
उत्तर बरोबर होतं. घसा मात्र कोरडा पडला.

समितीत पाच जण, खिडकी एक.
प्राध्यापक कार्टुनेन चष्म्यावरून बघत म्हणाल्या,
"इथे चौदा महिन्यांची पोकळी दिसते."
आई, मी म्हणाले. आई आजारी होती.
त्यांनी समासात काहीतरी लिहिलं, फार छोटं.
"पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?"
आठ हजार वर्षांपूर्वी कुठला उन्हाळा आखूड होता
ते मी सांगू शकते. रान कधी पेटलं, तेही.
पाच वर्षं पुढचा परिच्छेद पाठ केला होता, तो म्हटला.
बेआटबद्दल कुणी विचारलं नाही, नियमानं विचारता येत नाही.
तो बर्नमध्ये ट्राम चालवतो.
योएन्सूत ट्राम नाही.
"मग बस चालवीन," तो म्हणाला होता,
भांडी विसळत, पाठ माझ्याकडे ठेवून.

दोन भेटींच्या मधल्या पंधरा मिनिटांत
हेइम्मो नावाच्या तंत्रज्ञानं शीतखोली दाखवली.
"डॉक्टर हुर्मे, तुमच्या गाळाला वास येतो का?"
दिवसभरात पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर मी पाठ केलं नव्हतं.
येतो, म्हटलं. सडक्या अंड्याचा. ओल्या लोखंडाचा.
"चालेल. आधीचे साहेब दार उघडं टाकायचे."
मग बाहीनं फळी पुसत म्हणाला,
"हा तिसरा कप्पा रिकामा आहे."
एवढंच. पण संध्याकाळच्या जेवणात,
समोरचा मासा तसाच गार होत असताना,
मनातल्या मनात मी त्या कप्प्यावर
नळ्या रचत होते, खोलीच्या क्रमानं.

तीन आठवड्यांनी क्रमवारी आली. ती सगळ्यांना कळवतात.
पहिला: आर्नफिन. दुसरी: मी.
दुसरा क्रमांक म्हणजे पहिल्यानं नको म्हटलं तर.
पहिल्यानं हो म्हटलं.
त्याचा निरोप दोन ओळींचा, त्यातली एक अडॅप्टरबद्दल:
परत करायची घाई नाही.

त्याच्या गाळालाही वास येत असेलच.
हेइम्मोनं विचारलं असेल.

आज तळघरात एकशे बारा सेंटिमीटरला
काळ्यावर सरळ काळाच थर आला.
वही उघडली, तारीख टाकली, प्रश्नचिन्ह केलं.
सत्ताविसाव्याची मुदत शुक्रवारी, मध्यरात्री.
कुठल्या देशाच्या मध्यरात्री, ते लिहिलेलं नाही.