अर्धा आटा

शेवग्याची शेंग पडली टपावर
आणि रात्री दोन वाजता
सुदामानगरच्या अख्ख्या सेक्टरला कळलं
की मी गाडी घेतली आहे.
जुनीच. रतलामच्या एका वकिलानं सहा वर्षं वापरलेली.
भोंगा मात्र नवा.

छोटी ग्वालटोलीत बसवताना नईम म्हणाला होता,
'भाईसाब, एकदम नाजूक रखा है,
मक्खी बैठेगी तो भी बोलेगी.'
मी खूष होऊन पन्नास रुपये वर दिले.

त्यानंतर ती बोललीच.
मांजराला बोलली. वरातीच्या ढोलाला.
पहाटे कचरागाडी आपलं गाणं लावून आली
तर हिनं वरचा सूर धरला.
पुस्तिकेत लिहिलंय, हलक्या धक्क्याला तीनदा चिवचिव,
मोठ्याला पूर्ण बोंब.
हिला अधलं-मधलं काही ठाऊक नव्हतं.

आज साडेदहाला, टॉर्च दातांत धरून
स्टिअरिंगखाली उताणा शिरलो, पाय गल्लीत.
आगपेटीएवढी काळी डबी,
तिच्या पोटात तिळाएवढा स्क्रू.
डावीकडे फिरवला की सोशिक,
उजवीकडे की हळवी.
घड्याळजीचा पेचकस हवा होता,
माझ्याकडे चष्म्याचा.

पण फिरवणारा आत, तर धक्का देणारा बाहेर लागतो.
हे एकट्याचं काम नाही.

'मी मारते,' कोणीतरी म्हणालं.
ढोबळेबाईंच्या सपाता. गाऊनची किनार.
चौदा महिन्यांतला पहिला शब्द.
गेल्या वर्षी होळीच्या तोंडावर
त्यांच्या शेवग्याची माझ्याकडे आलेली फांदी
मी तोडवली होती, न विचारता,
फुलावर असताना.
तेव्हा भांडल्यासुद्धा नाहीत.
फाटकाची कडी लावून घेतली, एवढंच.

'किती जोरात?'
'आधी हळू.'
बोटाच्या पेरानं टकटक. बोंब.
अर्धा आटा डावीकडे.
तळवा, बांगड्यांसकट. बोंब.
समोर छाजेडांचा दिवा लागला, विझला.
अजून अर्धा.
तळवा. तीनदा चिवचिव.
'आता जोरात,' मी आतून म्हणालो,
'चोर आलाय समजा.'

बाहेर जरा वेळ काहीच नाही.
मग असा दणका बसला
की डॅशबोर्डखालची धूळ डोळ्यांत गेली
आणि टॉर्च दातांतून सुटला.
गाडी गप्प.

'वाजली नाही,' त्या म्हणाल्या.
'जास्तच सोशिक झाली. पाव आटा मागे घेतो.'
'घ्या,' त्या म्हणाल्या. 'इतकंही बरं नव्हे.'

घेतला. पुन्हा मारा असं मी म्हणालो नव्हतो.
त्यांनी मारलं.
वाजली, मनसोक्त, मी बंद करीपर्यंत,
आणि बंद करायला मला बटण लवकर सापडलं नाही.

मग अंगणातून एक वाळकी शेंग आणून
हात उंच करून त्यांनी टपावर सोडली.
ठक्.
चिवचिवसुद्धा नाही.
लाल ठिपका आपला लुकलुकत राहिला.
'झालं,' म्हणाल्या, आणि गेल्या.
कडीचा आवाज मी ऐकायला थांबलो.
आला नाही, की मला ऐकू आला नाही.

दारावर पंजाएवढा पोचा आहे.
नईम विचारेल, ये किसने मारा.
शेंग पडली, सांगेन.

दोन वाजत आलेत, हिची नेहमीची वेळ.
मी गॅलरीत. पलीकडच्या गॅलरीत त्याही,
अंधारात, तोंड टपाकडे.
झाडावर अजून नऊ-दहा शेंगा असतील.
वारा नाही.