शून्याचा डबा

मे महिना, भुसावळ. बाहेर सेहेचाळीस,
माझ्या नळीत साडेपाचशे.
नळी म्हणजे पडद्यावरची एक आडवी पट्टी.
तिचे मी दोनशे तुकडे केलेत
आणि प्रत्येकाला विचारत बसले आहे:
तुझ्यात मिथेन किती, वाफ किती, हायड्रोजन किती?
तुकडे सांगतात. चेहरा न बदलता खोटं सांगतात.

मिथेन केळीच्या खोडांचा,
निदान इनपुट फाइलीत तसं लिहिलंय.
रावेरकडे घड उतरवले की
बांधावर सडत पडतात ती खोडं.
त्यांचा वायू, त्यात वाफ, निकेलचा उत्प्रेरक,
आणि नळीच्या अंगाला
पॅलेडियमचा पापुद्रा, केसाहून पातळ.

पप्पांना वाटलं, चाळणी.
कोंडा वर, पीठ खाली.
नाही पप्पा, चाळणीला भोकं असतात,
याला एकही नाही.
हायड्रोजन जोडीनं येतो,
पापुद्र्यापाशी सुटा होतो,
एकेकटा धातूत विरघळून चालत जातो,
पलीकडे निघाला की पुन्हा जोडी.
बाकीचे सगळे अलीकडेच थांबतात.

पप्पा एकतीस वर्षं यार्डात शंटिंगला होते.
दोन बफरांमध्ये वाकायचं, कपलिंग काढायचं,
डबा एकटा सोडून द्यायचा,
पलीकडच्या लाइनीवर ठक्क.
उजवी करंगळी तिथंच राहिली.
ते हसले. "मंग यार्डच म्हण ना त्याले."
प्रबंधात असं लिहिता येत नाही.
पण तेव्हापासून मला अणू दिसत नाहीत,
हिरवा कंदील दिसतो.

नऊ दिवस हिशेब जुळेना.
आत हायड्रोजनचे शंभर अणू सोडले
तर बाहेर एकशे एक.
निसर्गात असं होत नाही, माझ्या लॅपटॉपवर होतं.
फेगडे सर फोनवर म्हणाले, जाळी बारीक करा.
चारशे तुकडे केले.
चूक निम्मी झाली, मेली नाही.
त्यातच लाइट गेली.
खिडकीतून दीपनगरची चिमणी दिसते,
तिथं कोळसा जळतो तेव्हा
माझा स्वच्छ वायू पळतो.
हे मी सरांना बोलले नाही.

अंधारात पप्पांनी छापील कागद मागितला.
समीकरणं त्यांनी बाजूला ठेवली,
आकड्यांच्या रांगेवरून बोट फिरवलं,
बॅटरी दातात धरून.
"इकडं डबे किती?"
दोनशे.
"आन् तिकडं?"
तिकडंही दोनशेच. शून्यापासून दोनशेपर्यंत.
बॅटरी तोंडातून निघाली.

"एकदा बेचाळीसची गाडी त्रेचाळीस झाली होती.
शेवटचा डबा पॉइंटावर उभा.
रात्रपाळीनं मोजला, दिवसपाळीनं बी मोजला.
दोघं बी शपथेवर खरे.
शून्याला डबा काहून म्हणते वं माय?
दोनशे एक झाले ते."

लाइट यायला दीड तास लागला.
एक ओळ. ओळसुद्धा नाही, एक अंक.
पंखा फिरायच्या आत मी तो बदलला
आणि आलेख, जो नऊ दिवस
हट्टी पोरासारखा छताकडे बघत होता,
हळूहळू खाली उतरला, आडवा झाला.
शंभर आत. शंभर बाहेर.

यात हायड्रोजन कुठेच नाही, हे मला माहीत आहे.
एक काडीसुद्धा त्यावर पेटणार नाही.
खऱ्या नळीचं कोटेशन आलंय,
वीतभर नळी, अन् आकडा असा
की मी तो पप्पांच्या हाती दिलेला नाही.
त्यांनी त्यातही एखादं शून्य जास्तीचं शोधलं असतं.

आभाराच्या पानावर लिहिलं:
सुपडू नथ्थू वायकोळे, शंटिंग, निवृत्त.
सरांनी विचारलं, हे कुठल्या विभागाचे?
मध्य रेल्वे, म्हणाले.

आता गच्चीवर गाद्या पडल्यात.
गरम वाऱ्यात यार्डाकडून आवाज येतो,
ठक्क.
पप्पा झोपेत कूस वळतात.
मी मोजायला लागते.
एकपासून.