मोजदाद

एकतीस.
दत्तवाडीच्या शाळेच्या फाटकातून एकतीस,
बसच्या पायरीवर एकतीस,
खडकवासल्याला गाडी थांबवावी लागली तेव्हाही एकतीस,
त्यातल्या चौघी रस्त्याकडेला ओणव्या, ओकत.
बाईंकडे यादी असते. माझ्याकडे बोट.
एकोणीस वर्षं हे बोट वेण्यांवरून फिरतंय.

पानशेतच्या पाण्याकाठी तंबू, निळे.
आत शिरलं की सगळ्यांची तोंडं निळी.
तिसरी-चौथीच्या पोरी, पण सामान बघाल तर
लग्नाला निघाल्यासारखं.
हिंदवी थोपटेच्या पिशवीत डबाभर चकल्या,
रुक्सारकडे तिच्या अब्बांची बॅटरी, एवढी दांडगी
की कोण कुणाला धरून चाललंय कळेना.
आणि प्रचिती ओव्हाळच्या पिशवीत
एक ताटली, एक ओढणी, बस.
आईला वाटलं, संध्याकाळी परतच येणार.
जानेवारीचा वारा पाण्यावरून आला की दात वाजतात.
माझी शाल दिली तिला.

पहाटे पाचला मी एक झोपायची पिशवी धुतली.
कुणाची ते सांगणार नाही.
दव पडलं, म्हटलं.
दव एकाच पिशवीवर कसं पडलं,
एकीनंही विचारलं नाही.
एरवी एवढे प्रश्न विचारतात.

दोरांचं काम पासलकर ताईकडे.
तिची आजी नाचणी लावायची तिथे आता धरणाचं पाणी.
हे तिने गाठ मारता मारता सांगितलं
आणि लगेच, "पुढची कोण?"
हेल्मेट सगळ्यांना एकाच मापाचं,
आत आदल्या शाळेच्या खोबरेल तेलाचा वास.
मला म्हणाली, मावशी, तुम्ही येताय?
म्हटलं, साडीवर तो पट्टा बसत नाही.
म्हणाली, बसतो.
मी कांदे चिरायला गेले.

पायाखाली एक दोर, हाताशी दोन,
खाली दगडगोटे आणि गुडघाभर ओढा.
प्रचिती मधोमध गेली
आणि थांबली.

मग काय, सुरूच झालं.
घाबरू नकोस! खाली बघू नकोस!
कुणी टाळ्या, कुणी तिच्या नावाचा गजर,
बाईंनी फोटो काढायचा सोडून छातीला हात लावलेला,
ताई पट्टा आवळून तिच्याकडे निघालेली.
विळी तशीच टाकून मी धावले
आणि ओरडले, गप बसा गं सगळ्या!
एवढ्या मोठ्यांदा की बाईसुद्धा गप बसल्या.

तेव्हा दोर ऐकू आला. कर्र, कर्र.
पोरगी खाली बघत होती,
मग पाण्यापलीकडच्या डोंगराकडे,
मग गुडघे वाकवून, जरासेच,
तिने एक झोका घेतला.
मग आणखी एक.

रात्री शेकोटीपाशी माझ्या शालीतून तोंड काढून म्हणाली,
मावशी, घाबरले नव्हते काय.
पलीकडे पोचलं की नंबर संपतो ना.

माझा नंबर कधी लागला होता, आठवून बघितलं.
मग खिचडीचं पातेलं घासायचं होतं.

परतताना एकतीस.
डोणजे फाट्यापर्यंत निम्म्या झोपल्या,
एकीची मान दुसरीच्या खांद्यावर, मोजायला अवघड,
तरी एकतीस.
शाल तिच्याकडेच राहिली. मी मागितली नाही,
तिनेही दिली नाही.

सोमवारी प्रार्थनेच्या आधी
शाळेच्या लोखंडी फाटकाला ती लोंबकळत होती, नेहमीसारखी,
एक पाय कडीवर, एक हवेत,
फाटक आत-बाहेर, आत-बाहेर.
असं दिसलं की मी लांबूनच ओरडते.
ओरडलेच.
आधी मनात मोजलं, सावकाश,
एकेका आकड्यावर बोट टेकवत,
आणि एकतीस झाल्यावर म्हटलं,
ए ओव्हाळ,
उतर आता.