पुठ्ठा

पायाला अजून कोणी सांगितलेलं नाही.
छत्रपती चौकात सिग्नल लाल झाला
आणि डाव्या पायानं, पस्तीस वर्षांच्या सवयीनं,
ब्रेक दाबला.
तिथं आता गियर असतो.
गाडी एक गियर खाली उतरून गुरगुरली,
हाताच्या ब्रेकनं कशीबशी थांबवली
ई-रिक्षाच्या पाठीला टेकता टेकता.
रिक्षावाला वळून म्हणाला,
'काका, नवीनच शिकून राहिले का?'

हो म्हणालो.

जुनी चौऱ्याऐंशीची.
गियर उजवीकडं, एक वर, तीन खाली,
आणि मधे कुठंतरी न्यूट्रल,
अंधारात चष्मा चाचपावा तसा चाचपायचा.
खापरखेड्याच्या पहिल्या पाळीला
डिसेंबरात, पहाटे पाचला,
ॲम्पिअरचा काटा मधोमध आणायचा,
श्वास धरायचा,
किक.
कधी ती उलटी मारायची.
नडगीवर खूण आहे अजून,
शोभनाला लग्नाआधी दाखवली होती
फुटबॉलची म्हणून.

गुडघ्याचे डॉक्टर धंतोलीत बसतात.
फिल्म उजेडावर धरून त्यांनी विचारलं,
'पायऱ्या किती चढता?'
पायऱ्यांचं खरं सांगितलं.
किकचं नाही सांगितलं.

नवीनला बटन आहे.
अंगठा टेकवला की सुरू,
थंडीत सुरू, उन्हात सुरू,
आपण रुसलो असलो तरी सुरू.
टाकीवर तीच सोनेरी रेघ,
दिव्यावर तीच टोपी,
बाजूला पुसट निळी खिडकी, तीत नकाशा,
मला माझ्याच गल्लीचा रस्ता दाखवते.
जुनीचा आवाज तीन वळणं आधी घरी पोचायचा,
शोभना तवा ठेवायची.
आता मी दारात उभा
आणि ती म्हणते, 'अगंबाई, कधी आले?'

मोमीनपुऱ्यात नुसरत मिस्त्रीनं
खाली बसून इंजिनाला कान दिला,
बराच वेळ.
'अच्छी है भाऊ,' म्हणाला, 'गले से बोलती है.'
मग हातातला पाना पाहिला.
त्यानं उघडावं असं काही नव्हतं तिथं.
दोघांनी चहा घेतला, पैसे त्यानंच दिले.

देवानंद मेश्राम मात्र ऐकायला तयार नाही.
'बटनानं सुरू होते तो मिक्सर असते बे.'
रविवारी रामटेकला जाताना
पोरांच्या नव्या गाड्या पुढं निघून जातात,
हा मागं, धूर सोडत, राजासारखा.
गेल्या रविवारी मनसरजवळ त्याची क्लचकेबल तुटली.
ढाब्यावर गाडी लावून, कुलूप दोनदा ओढून पाहून,
माझ्या मागं बसला.
बोलला नाही.
कन्हानच्या पुलावर वारा लागला,
पाणी खाली कमी होतं, वाळू जास्त.
तेव्हा कानाशी येऊन हळूच म्हणाला,
'मागचं सीट मऊ आहे बे.'
आणि कामठी येईपर्यंत
'कोणाले सांगू नको.'

मी कोणाले सांगणार.
मीच रात्री, शोभना झोपल्यावर,
जिन्याखाली जातो,
जुनीचं कव्हर उचलून काटा पाहतो,
शून्यावर असतो, असायलाच पाहिजे.
एकदा किकवर पाय ठेवला होता.
नुसता ठेवला.

आणि तो पुठ्ठा.
कूलरच्या खोक्याचा, तेलानं काळा झालेला,
जुनी जिथं उभी राही तिथला.
तो नवीच्या खाली सरकवतो रोज,
का ते विचारू नका.
सकाळी टॉर्च घेऊन वाकतो.
कोरडा.
महिनाभर कोरडा.

आज थेंब होता.
एक, मधोमध, चकाकणारा.
गुडघा धरून खाली बसलो,
बोट लावलं.
पाणी. शोभनानं वरच्या कुंडीला घातलेलं.

तरी नाकाशी नेऊन पाहिलं.